खोकला नसलेली गिऱ्हाइकं

औषधवाल्या बाईंच्या दुकानात खोकल्याच्या गोळ्या जितक्या खपायच्या, तितक्या शहरात दुसऱ्या कुठल्याच दुकानात खपत नसत. कंपनीने खूश होऊन यंदा त्यांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस पाठवलं. घड्याळ घेऊन आलेल्या विक्रेत्याने दुकानाबाहेर जाऊन एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि परत येऊन हळूच विचारलं, "बाई, इथली हवा इतकी वाईट आहे का हो?"

"हवा उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "माणसं लाजाळू आहेत."

विक्रेत्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तुम्हा-आम्हाला मात्र कळायला हरकत नाही, कारण औषधांच्या दुकानात हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेलं आहे. मागायचं असतं एक आणि तोंडातून निघतं भलतंच. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही माणसाची जुनी खोड. बाईंच्या दुकानात ते भांडं लपवायला खोकल्याच्या गोळ्या होत्या. ज्याला जे हवं ते मागता येत नसे, तो आधी गोळ्या मागायचा. मग तिथेच उभा राहून टूथपेस्टवरचा बारीक मजकूर असा वाचायचा, जणू उद्या त्यावर परीक्षा आहे.

बावीस वर्षं दुकान चालवल्यावर बाईंना त्या उभं राहण्याची नस सापडली होती. गिऱ्हाईक गोळ्या घेऊनही हललं नाही, की त्या मदतनीस मुलीला आत खोकी फोडायला पाठवायच्या, स्वतः गिऱ्हाइकाकडे पाठ करून कपाटातले डबे लावायला लागायच्या आणि भिंतीशी बोलल्यासारखं म्हणायच्या, "बोला. मी डबे लावतेय."

पाठीशी बोलणं माणसाला सोपं जातं. पाठ भुवया उंचावत नाही. त्या पाठीला लोकांनी काय काय विचारलं होतं! एकाच टॉवेलने अंग पुसलं तर दिवस जातात का, असं एका कॉलेजातल्या मुलीने रडकुंडीला येऊन विचारलं होतं. पाळी लांबली म्हणून तीन रात्री न झोपलेली एक पोक्त शिक्षिका आली होती. लग्न ठरलेला एक सुतार तर पाऊण तास उभा होता, गोळ्यांची तीन पाकिटं झाली, आणि शेवटी त्याने विचारलं, "मावशी, सुरुवात नक्की कुठून करायची असते?" डबा सरळ करत बाई म्हणाल्या, "गप्पांपासून." पुढच्या महिन्यात सुतार बायकोला घेऊन आला आणि दुकानाचं डुगडुगणारं स्टूल फुकट दुरुस्त करून देऊन गेला.

तर सांगायचं असं, की या विषयात अख्ख्या वस्तीत बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्यांना स्वतःलाही तसंच वाटायचं, आणि इथेच गाडी घसरली.

बाईंना एकच मुलगा, चौदा पूर्ण होऊन पंधरावं लागलेला. सहा वर्षांचा असल्यापासून पोहायचा. शाळेच्या चमूत होता, आणि पाण्याबाहेर तो कधीच पूर्ण सुकलेला नसायचा. घरातल्या निम्म्या खुर्च्यांवर त्याचे ओले टॉवेल असायचे. बाई त्यावरून रोज ओरडायच्या. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आठवडाभरात आपण एकदाही ओरडलेलो नाही. खुर्च्या कोरड्या होत्या.

"पोहायला गेला नाहीस?"

"खोकला आहे."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस," असं म्हणून तो खोकला. खोकला जरा पातळच होता, पण आईचं काळीज; तिने मागचापुढचा विचार केला नाही. बाईंनी सिरप काढलं. वाफारा दिला. भर उन्हाळ्यात पोरगा जाडजूड जाकीट गळ्यापर्यंत ओढून बसायचा, तेव्हा "थंडी वाजतेय का?" म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. सिरप संपलं, दुसरं उघडलं. पोहण्याच्या सरांचा फोन आला, की शाळा-शाळांच्या स्पर्धेला महिना उरलाय, तुमचा मुलगा म्हणतो नाव काढून टाका. बाई म्हणाल्या, "छाती भरलीय हो त्याची, बरा झाला की पाठवते."

आता तुम्ही म्हणाल, जी बाई बावीस वर्षं खोट्या खोकल्यांवर दुकान चालवते, तिला घरातला खोटा खोकला ओळखू येऊ नये? पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही.

रविवारी बाईंनी ते जाकीट धुवायला घेतलं. अंगातून काढायला पोरगा तयार नव्हता. तो अंघोळीला गेल्यावर त्यांनी ते चोरलं म्हणा ना. धुण्याआधी खिसे तपासायची सवय, म्हणून आत हात घातला, आणि हाताला लागली खोकल्याच्या गोळ्यांची अकरा पाकिटं. निळी. बाईंच्या दुकानातली पाकिटं पिवळी असायची. निळ्या पाकिटांची कंपनी त्या ठेवतच नसत; ती मिळायची चौकापलीकडच्या दुकानात. आणि अकराच्या अकरा पाकिटं बंद होती. एकही गोळी खाल्लेली नव्हती.

बाई धुण्याच्या बादलीशेजारच्या पाटावर मटकन बसल्या. खोकला नसताना गोळ्या कोण घेतं, हे त्यांच्याइतकं जगात कुणाला ठाऊक होतं? त्यांच्या पोराला काहीतरी विचारायचं होतं. अकरा वेळा तो विचारायला गेला होता. आणि गेला होता दुसऱ्याच्या दुकानात.

त्यांना रडू आलं. मग राग आला, आधी पोराचा आणि मग स्वतःचा. ओले हात पदराला पुसून त्या तडक चौकापलीकडच्या दुकानात गेल्या.

चौकापलीकडच्या केमिस्टांना सगळी वस्ती 'मुके काका' म्हणायची, कारण किंमत सोडून ते तोंडातून अक्षर काढत नसत. बाईंना पाहून मात्र ते काउंटरमागे उभे राहिले आणि घडाघडा बोलायला लागले.

"बरं झालं तुम्हीच आलात. बाई, हे शोभतं का तुम्हाला? भाव बघायला पोटच्या पोराला पाठवायचं?"

"भाव?"

"नाहीतर काय! रोज येतो, एक पाकीट घेतो, मग दहा मिनिटं उभा राहून एकेक वस्तू बघत बसतो. 'अजून काही?' विचारलं की कान लाल करून पळतो. मी काय आज धंद्यात आलोय? मी ताबडतोब टूथपेस्ट स्वस्त केली."

तशाही स्थितीत बाईंना हसू फुटलं. मुके काका जास्तच चिडले. "हसता काय?"

"तुमची टूथपेस्ट महाग करा काका," बाई म्हणाल्या. "पोरगा भाव बघायला येत नव्हता. त्याला काहीतरी विचारायचं होतं, आणि विचारायला आई सोडून कुणीतरी हवं होतं."

काका चष्मा काढून पुसत म्हणाले, "मला विचारून तरी काय उपयोग होता? मला उत्तर देता आलं नसतं. मी पण डोळे टूथपेस्टकडेच वळवले असते."

परत येताना बाईंच्या डोक्यात एकच विचार घोळत होता: मला का नाही विचारलं? आणि उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. सहा महिन्यांपूर्वी शाळेने त्यांनाच बोलावलं होतं. आठवी-नववीच्या मुलांना वयात येण्याबद्दल माहिती द्यायची होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "मुलांना कशाला बसवायचं? ती फिदीफिदी हसतील. मुलींपुरतंच ठेवू." आणि बाई म्हणाल्या होत्या, "खरंय." दोन तास त्या मुलींशी छान बोलल्या. मुलींनी चिठ्ठ्या लिहून प्रश्न विचारले, टाळ्या वाजवल्या, पुष्पगुच्छ दिला. तेवढा वेळ सगळे मुलगे मैदानावर चेंडूमागे धावत होते, आणि त्यात त्यांचा मुलगाही होता. त्या रात्री जेवताना त्याने विचारलं होतं, "तू आज काय सांगितलंस सगळ्यांना?" बाई म्हणाल्या होत्या, "ते मुलींचं होतं रे." आणि त्याला भाजी वाढली होती.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! चौकातच उभं राहून बाईंनी स्वतःला अशी काही शिवी हासडली, की शेजारून जाणारा सायकलवाला उगाचच "सॉरी" म्हणाला.

घरी पोरगा जाकीट शोधत होता. अंगात दोन शर्ट होते, एकावर एक. बाईंनी पाकिटं ओट्यावर मांडून ठेवली, त्याच्याकडे पाठ केली, घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली आणि भिंतीला म्हणाल्या, "बोल. मी भांडी घासतेय."

मागे खुर्ची सरकली, तो बसला. मग तो म्हणाला, "आई, ही तुझी दुकानातली युक्ती आहे."

बाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"मी गिऱ्हाईक नाहीये," तो म्हणाला. त्याचा आवाज मध्येच चिरकला, हल्ली चिरकायचाच.

बाई वळल्या. हात कोरडे केले, खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. बावीस वर्षांत हे त्यांनी एकदाही केलं नव्हतं. समोरासमोर बसल्यावर त्यांना उमगलं, की ती पाठ आपण केवळ गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी फिरवत नव्हतो. लाज आपल्यालाही वाटत होती.

"नाहीयेस गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या. "सांग मला. मी ओरडणार नाही, हसणार नाही आणि कुणाला सांगणार नाही."

तो टेबलाकडे बघत बोलला, एका दमात. डाव्या बाजूला, छातीवर, गाठ आहे. दोन महिने झाले. हात लागला तरी दुखते. आता ती बाजू जरा वर आल्यासारखी दिसते. पोहताना सगळ्यांना दिसेल. मोबाइलवर शोधलं, तर तिथे एक तर कॅन्सर लिहिलं होतं, नाहीतर मुलाची मुलगी होतेय असं कुणीतरी लिहिलं होतं, आणि खाली एका पावडरची जाहिरात होती. "मला काय झालंय?" त्याने विचारलं. आणि मग, फार लहान आवाजात, "मी मरणार आहे का?"

दोन महिने! दोन महिने हे पोर रोज सकाळी हा विचार घेऊन उठत होतं आणि आपण त्याला सिरप पाजत होतो. बाईंना त्याला आधी पोटाशी धरावंसं वाटलं, पण ते मागाहून, आधी उत्तर.

"मरणार नाहीस, आणि मुलगीही होत नाहीयेस," त्या ठामपणे म्हणाल्या. "वयात येताना शरीरात हार्मोन्सची उलथापालथ होते. मुलांच्या शरीरात मुलांची हार्मोन्स असतात तशी थोडी मुलींचीही असतात. त्यांचं प्रमाण काही दिवस पुढे-मागे झालं, की छातीत अशी गाठ येते. कधी एका बाजूला, कधी दोन्हीकडे. साधारण निम्म्या मुलांना होतं हे. काही महिन्यांत जातं, फार तर दोनेक वर्षांत. तरी उद्या डॉक्टरांना दाखवू, म्हणजे तुझी खात्री होईल आणि माझीही."

एवढं ऐकून त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो त्यांच्याकडे संशयाने बघत राहिला.

"खरं सांगतेयस?"

"म्हणजे? मी खोटं कशाला सांगेन?"

"मी पहिलीत असताना तुला विचारलं होतं, मी कुठून आलो. तू सांगितलंस, औषधांच्या खोक्यातून आलास. तारीख संपलेली नव्हती म्हणून ठेवून घेतला."

"अरे, ती गंमत..."

"आई, मी तिसरीत जाईपर्यंत अंगावर ती तारीख शोधत होतो. मानेवर आरशात दिसत नाही म्हणून शेजारच्या दादाला बघायला लावलं होतं."

हसावं की रडावं, बाईंना कळेना. त्या वेळी हे उत्तर त्यांनी चार बायकांना कौतुकाने सांगितलं होतं, आणि चारही जणी पोट धरून हसल्या होत्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला खरं सांगायचं सुचलं नाही. सुचलं नाही कसलं, धीर झाला नाही. आत्ताचं मात्र खरं आहे."

"पण निम्म्या मुलांना होतं, तर मग मला एक तरी माहीत का नाही?"

याचं उत्तर आलं दारातून.

"तू एक ओळखतोस," बाबा म्हणाले.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर वर-खाली करणारा हा माणूस घरात अवघड विषय निघाला, की नेमका जिन्यातला दिवा बघायला जायचा. आत्ताही हातात पेचकस होता आणि पाय निम्मा बाहेर होता. पण ते आत आले.

"मला झालं होतं. दोन्ही बाजूंना. तुझ्याच वयात."

माय-लेक दोघंही तोंडाचा आ करून बघायला लागले.

"आमच्या शाळेत कवायतीला बनियनवर उभं करायचे. मी वर्षभर कवायतीच्या तासाला पाय मुरगळून घेतला. वर्षभर! कधी डावा, कधी उजवा. मास्तर म्हणायचे, या पोराचे पाय काचेचे आहेत. रात्री आईची जुनी ओढणी छातीला घट्ट गुंडाळून झोपायचो. वाटायचं, दाबून बसेल. मग एक दिवस बघतो तर गाठ नव्हती. कधी गेली, तेही कळलं नाही."

"आणि हे तुम्ही मला अठरा वर्षांच्या संसारात सांगितलं नाहीत?" बाई म्हणाल्या.

"तू कधी माझ्याकडे पाठ करून डबे लावलेस?"

पोरगा हसला. आधी नाकातून फुसकन, मग जोरात, आणि हसता हसता त्याला जो खरा ठसका लागला, तो थांबेना. बाईंनी उठून त्याची पाठ चोळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या, आणि ते कशाचं होतं ते कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासायला चार मिनिटं घेतली आणि बाईंचाच शब्द खरा ठरवला. "काही करायचं नाही," ते म्हणाले. "पावडर-बिवडर तर अजिबात नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखव. पोहायला खुशाल जा."

पोरगा सरांकडे गेला, स्पर्धेच्या यादीत नावही पुन्हा लावून आला. पण पाण्यात उतरला तो अंगात शर्ट घालून. सरांनी कारण विचारलं तर म्हणाला, उन्हाने त्वचा जळते. तलाव बंदिस्त होता, वर पत्रा होता.

बाई मुख्याध्यापिकेकडे गेल्या. म्हणाल्या, "मला अजून एक कार्यक्रम करायचाय. आठवी-नववी, मुलं-मुली एकत्र. गेल्या वेळी तुमचं ऐकलं, यावेळी तुम्ही माझं ऐका." मुख्याध्यापिकेने फिदीफिदी हसण्याचा मुद्दा पुन्हा काढला. "हसू दे की," बाई म्हणाल्या. "हसून झालं की ऐकतील. रडत बसण्यापेक्षा बरं."

घरी ही बातमी ऐकून पोराच्या तोंडचं पाणी पळालं. "काय हवं ते बोल," तो म्हणाला, "पण ते नाही बोलायचं. छातीचं. मी शर्ट घालून पोहतो ते सगळे बघतात. तू नुसता तो विषय काढलास तरी सगळ्यांना कळेल. शपथ घे."

"अरे, पण बाकीच्या मुलांना..."

"तू म्हणाली होतीस, कुणाला सांगणार नाही."

म्हणाल्या होत्या खऱ्या. बाईंनी शपथ घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. उजवीकडे मुली, डावीकडे मुलगे, मागे भिंतीला टेकून शिक्षक. पहिली दहा मिनिटं हशा पिकला, अगदी मुख्याध्यापिकेने भाकीत केलं होतं तस्सा. बाईंनी प्रत्येक अवयवाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. पहिल्या नावाला सभागृह फुटलं, दुसऱ्याला निम्मं फुटलं, पाचव्या नावाला मागच्या रांगेतला एकजण उगाच शेवटचं खिदळला आणि एकटा पडला. मग मुलं ऐकायला लागली. पाळी म्हणजे काय हे मुलग्यांनी कान टवकारून ऐकलं. झोपेत होणारं वीर्यस्खलन म्हणजे आजार नव्हे हे ऐकून डाव्या बाजूला इतके सुस्कारे सुटले, की मुलींनी वळून पाहिलं. कुणी नकोसा हात लावला तर काय करायचं, 'नाही' कसं म्हणायचं आणि दुसऱ्याचं 'नाही' कसं ऐकायचं, हे तर मागच्या रांगांनीही पुढे झुकून ऐकलं.

मग चिठ्ठ्यांचा डबा आला. पहिली चिठ्ठी सोपी होती, दुसरी चावट होती. बाईंनी चावट चिठ्ठीचंही सरळ उत्तर दिलं, त्यामुळे लिहिणाऱ्याचीच पंचाईत झाली. तिसरी चिठ्ठी उघडली. त्यात लिहिलं होतं: 'मी मुलगा आहे. माझी छाती एका बाजूला सुजली आहे. कोणाला सांगू?'

बाईंनी चिठ्ठी मिटली आणि डब्याच्या तळाशी सारली. चौथी वाचली. पाचवी उघडली: 'मुलांना छातीत गाठ येते का?' तीही तळाशी गेली. आठवी तीच, अक्षर वेगळं. अकरावी तीच. समोर कुठेतरी चार पोरं जाडजूड जाकिटं घालून बसली होती, आणि त्यांच्यासाठीच तर हा सगळा घाट घातला होता. तिसऱ्या रांगेत त्यांचा मुलगा बसला होता, ज्याला दिलेला शब्द मोडला तर तो पुन्हा कधी काही विचारणार नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर.

"बाई, त्या चिठ्ठ्या राहताहेत," बाजूने मुख्याध्यापिका मदतीच्या सुरात म्हणाल्या. "तुम्ही खाली टाकल्यात त्या."

"त्या... त्या मला वाचता येणार नाहीत," बाई म्हणाल्या. खोटं बोलायचं नाही असं ठरवून आल्या होत्या, त्यामुळे याहून चांगलं काही सुचलं नाही.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. औषधवाल्या मावशींना वाचता येणार नाही, असं काय असेल? बाई मुलाकडे बघायचं टाळत होत्या. शेवटी बघितलंच. तो छताकडे बघत होता. मग त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली आणि उभा राहिला.

"तिला वाचता येतं," तो म्हणाला. आवाज चिरकला. काही जण हसले. तो खाकरला आणि पुन्हा म्हणाला, "तिला वाचता येतं. मी शपथ घातलीय म्हणून ती वाचत नाहीये."

तो स्टेजवर आला, डब्याच्या तळात हात घालून त्याने चारही चिठ्ठ्या काढल्या आणि वाचल्या. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलत गेला. चार चिठ्ठ्या त्याने पुन्हा एकदा, मनातल्या मनात मोजल्या.

"हे मला झालंय," तो माइकमध्ये म्हणाला. "डाव्या बाजूला. म्हणून मी शर्ट घालून पोहतो. उन्हाचं खोटं होतं, सर, सॉरी. मला वाटलं होतं कॅन्सर आहे. नाहीये. निम्म्या मुलांना होतं आणि जातं. माझ्या बाबांना पण..." इथे तो थांबला. "माझ्या ओळखीच्या एका माणसाला पण झालं होतं. तो आता लिफ्ट दुरुस्त करतो आणि एकदम ठणठणीत आहे."

आता हशा होणार म्हणून बाईंनी श्वास रोखून धरला. एकजण हसलाही, पण साथ न मिळाल्याने मध्येच थांबला. मग मागून, भिंतीजवळून, एका मुलाने विचारलं, "दुखतं ते किती दिवस?" विचारल्यावर आपण काय विचारलं हे त्याच्या लक्षात आलं आणि तो लाल झाला, पण बसला नाही.

"मला दोन महिने. आता कमी झालंय. दप्तराचा पट्टा घासतो, तेवढा दुसऱ्या खांद्यावर घे."

"दोन्हीकडे होतं का?" दुसरा म्हणाला. "जाड असलं तर जास्त होतं का?" तिसरा. उजवीकडून एक वेणीवाली उभी राहून तावातावाने म्हणाली, "मग गेल्या वेळी यांना बाहेर का काढलं होतं? यांना कोणी काहीच सांगितलं नाही?"

"चूक माझी," बाई म्हणाल्या. त्यांना ते अजिबात जड गेलं नाही.

पण त्यांच्याकडे आता कुणाचं लक्षच नव्हतं. प्रश्न सगळे त्याला होते. पोरगा एक हात खिशात घालून उत्तरं देत होता, मध्येच चिरकत होता, 'माहीत नाही' तिथे 'माहीत नाही' म्हणत होता. मुख्याध्यापिकेने एक खुर्ची आणून बाईंच्या मागे ठेवली, आणि बाई स्टेजच्या कडेला जाऊन बसल्या. आयुष्यात एवढं बिनकामाचं आणि एवढं सुखाचं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"आणि आपोआप जातं, तर डॉक्टरकडे कशाला जायचं?" कुणीतरी विचारलं.

"नाही गेलं तरी चालतं," पोरगा ऐटीत म्हणाला.

हे चूक होतं. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा बसल्या आणि त्यांनी हात वर केला. सरळ, कोपर कानाला लावून, वर्गात करतात तसा.

त्याने समोर प्रश्नासाठी वर झालेले तीन हात पाहिले, मग वळून हा चौथा पाहिला.

"हं," तो म्हणाला आणि माइक त्यांच्याकडे धरला. "तुम्ही बोला."